मूळ आणा

सहावी ब. बाविसांतले चौदा हजर.
काल सांगून ठेवलं होतं,
येताना प्रत्येकानं एक मूळ आणायचं.
धुवायचं नाही. माती असू द्यायची.

पेरुझानं गाजर आणलं. पिवळं,
पुलावात पडतं ते, टोक मोडलेलं.
हे सोटमूळ, मी म्हणाले,
एकच एक, सरळ खाली जाणारं,
पुढच्या वर्षीच्या फुलांसाठी
पोटात गोडवा साठवणारं.
"आई चिरायलाच बसली होती," ती म्हणाली,
"तास संपला की परत द्याल ना, आपा?"

ओराझबायकडे गव्हाचा झुपका.
तंतुमूळ. झटकला तरी माती सोडेना,
बाकावर, हजेरीवर, माझ्या बाहीवर माती,
आणि सुकत गेली तशी
तिच्यावर पांढरी साय धरली.
मीठ.
आमच्या गावात फळा पुसला
तरी मीठच हाताला लागतं.

मग जुगेरीचं ताट, म्हणजे ज्वारीच.
खालच्या पेरांना बोटं फुटलेली,
आंधळ्यानं उंबरा चाचपावा तशी जमिनीकडे निघालेली.
आधारमुळं. वाऱ्यात उभं राहायला लागतात.
दाणे दळून, मळून, रश्श्यात सोडायचे,
हे मी सांगायच्या आधीच
मागच्या बाकावर कुणाचं तरी पोट बोललं.

दामेलीनं ज्येष्ठमध दिला चघळायला.
खोकल्यावर चांगला, हे सगळ्यांना ठाऊक.
व्यापारी किलोवर घेतो, हेही.
कालव्याचा काठ खणून खणून चाळण झालाय
आणि तिच्या भावाच्या पायात नवे बूट आलेत.
यातलं अर्धं मूळ नाहीच, मी म्हणाले,
जमिनीखालून चालणारं खोड आहे.
"म्हणजे खोटं मूळ?"
खोटं नाही गं. फिरतं.

कापूस कुणीच आणला नव्हता.
कापसालाही सोटमूळच असतं.
परीक्षेत एवढंच लिहा.
नद्या कुणी वळवल्या, कशासाठी,
समुद्राच्या मुळावर कोण आलं,
ते इतिहासाच्या तासाला.
(इतिहासाची जागा दोन वर्षं रिकामी आहे.)

एस्बोसिन रिकाम्या हातानं आला.
उशिरा. तळवे काट्यांनी भरलेले.
"जवासा उपटणार होतो.
काल दुपारपासून खणतोय.
आधी गुडघाभर, मग कमरेभर,
आता मी आत उभा राहिलो की दिसत नाही.
टोकच लागत नाही, आपा."

पुस्तक मिटलं. सगळ्यांना घेऊन निघाले.
धक्क्याच्या पायऱ्या उतरून,
जिथं त्याचा आजोबा होडी बांधायचा
आणि आता उंट बसतात.
वाळूत शिंपले अजून पायाखाली मोडतात.

झुडूप वीतभर उंच.
उंटाखेरीज कुणी तोंड लावत नाही,
पोट बिघडलं तर म्हातारी माणसं काढा करतात.
खाली खड्डा, आणि खड्ड्यात
पेन्सिलीएवढं जाड ते मूळ,
कुठं न वळता, कुणाला न विचारता
खाली, अजून खाली.

मोजपट्टी संपली. रुमालांना रुमाल बांधले,
तेही संपले.
एस्बोसिन आत उतरला, तळाशी हात घातला.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "गार लागतंय."
"ओलं?"
"गार."

समुद्र गेला तेव्हा मी पेरुझाएवढी होते.
लोक म्हणाले, येईल.
मग म्हणणारेही कामासाठी परमुलखात गेले.
या वीतभर काटेरी झुडपानं मात्र
कुणाला न सांगता
पाण्याला आणायला मूळ धाडलं,
ते अजून वाटेतच आहे.

खड्डा बुजवू या, मी म्हणाले, उन्हानं मरेल ते.
चौदा जणांनी हातांनी वाळू लोटली.
परत येताना वारा सुटला, दातांत मीठ आलं,
आणि पेरुझानं माझी बाही ओढली:
"आपा, माझं गाजर."